झग्यावरची लाल नाणी

स्पोझमैताईच्या लग्नाच्या झग्यावर, गळ्याभोवती, सत्तेचाळीस अफगाणी नाणी शिवली होती: एकवीस राजाची, चौदा प्रजासत्ताकाची आणि बारा लाल, म्हणजे कम्युनिस्ट, सरकारची. लाल सरकारच्या तुरुंगात चार वर्षं काढलेले जंदादमामा ती पाहून दारातच थबकले.

"ती बारा काढा. नाहीतर मी अत्तण नाचणार नाही."

ताई रडवेली झाली. लहानपणी तिला नाचायला मामांनीच शिकवलं होतं.

"काढली तर झगा वाजेल कसा, दादा?" आई म्हणाली. "त्यांना खाली घेराला शिवते. बसू देत धूळ खात."

मामा पोट धरून हसले. "मग घट्ट शीव गं! आज चांगली तुडवणार आहे मी त्यांना."

ढोल थांबल्यावर मी घेर तपासला. अकरा नाणी जागेवर होती. बारावं मामांच्या बुटाच्या तळाला रुतलं होतं.