पाहुणे फाटकापाशी असताना

निकिता बोटीवरून घरी येऊन पाच आठवडे झाले होते आणि या पाच आठवड्यांत ती एका जागी नीट बसली नव्हती. मखमलाबादच्या घराला खोल्या तीन, आणि हिला सवय क्रूझवर रोज पंधरा केबिन आवरायची. जेवणारा उठतो न उठतो तोच ताट उचललेलं असे. वडील, गोटीराम, दाढी करून येईपर्यंत पलंगावरची चादर बदललेली. "अगं, मला परत आडवं व्हायचं व्हतं," ते कुरकुरत. यशोदाबाईंना लेकीचं आधी कौतुक वाटलं, मग त्याही वैतागल्या. "हे घर हाय का लॉज?"

सगळ्यांत जास्त वैतागली होती ती निकिताच. बोटीवर घर आठवून रडू यायचं, आणि घरी पाय ठेवल्यापासून बोट डोक्यातून जात नव्हती. बारा दिवसांनी पुढचं नऊ महिन्यांचं कंत्राट सुरू व्हायचं होतं. क्रूझवरची नोकरी म्हटल्यावर आधीच्या दोन स्थळांनी पाठ फिरवली. 'परक्या लोकांच्या गाद्या घालते' असं एकाने मध्यस्थाला ऐकवलंसुद्धा. तिसरा अमित, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. तो फोनवर एवढंच म्हणाला, "नऊ महिने ना? थांबतो की." त्या एका वाक्यावर निकिता भाळली. हे स्थळ जमायलाच हवं, असं तिने लाजबीज बाजूला ठेवून आईला सांगून टाकलं होतं.

रविवारी दुपारी अमित आपल्या आईला, वत्सलाबाईंना, घेऊन आला. पोहे झाले, चहा झाला. "बोट लागत नाही का गं तुला?" वत्सलाबाईंनी विचारलं. "पहिला आठवडा नुसती लोळत होते," निकिता म्हणाली, आणि बाई मोकळेपणी हसल्या. सगळं छान चाललं होतं. यशोदाबाईंनी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. "चला, येतो," म्हणत पाहुणे उठले. "निके, आतून द्राक्षांची पिशवी आण," म्हणून यशोदाबाई त्यांच्या मागे बाहेर गेल्या.

आता, आपल्याकडे 'येतो' म्हटल्यावर माणूस खरोखर जायला अर्धा तास लागतो. दारात एक विषय, पायरीवर दुसरा, फाटकापाशी तर अगदी महत्त्वाचा. निकिताला हे काय ठाऊक नव्हतं? पण बोटीवर सकाळी नऊला जुने पाहुणे उतरतात, दुपारी एकला नवे चढतात, आणि मधल्या वेळात पंधराही केबिन अशा करायच्या की जणू तिथे आधी कोणी राहिलंच नव्हतं. चार वर्षांत ते अंगात भिनलं होतं. द्राक्षं आणायला ती आत वळली आणि तिला दिसल्या रिकाम्या खुर्च्या, उष्ट्या बशा, सांडलेली शेव. पिशवी राहिली बाजूला.

वत्सलाबाई चष्मा विसरला म्हणून परत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. सोफ्याचं कव्हर ओढून काढलेलं, कपबशांचा ढीग लागलेला, आणि त्या जिथे बसल्या होत्या तिथे निकिता वाकून केरसुणी फिरवत होती.

माणूस बाहेर पडल्या पडल्या घरात केर कधी काढतात, हे नाशकात कोणाला शिकवावं लागत नाही. मयत उचलल्यावर. निकिता ताठ उभी राहिली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. वत्सलाबाईंनी ढिगाशेजारचा चष्मा उचलला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवून त्या निघाल्या.

निकिता अनवाणीच मागे धावली. "काकू, चुकलं माझं. बोटीवर पाहुणे उतरले की लगेच आवरावं लागतं, ती सवय आहे हो. तुम्हाला घालवायचं नव्हतं मला. उलट तुम्ही यावं म्हणून..."

"अपशकुनाचं मला काही नाही गं," गाडीत बसत वत्सलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पण आम्हाला जाऊ तरी द्यायचंस. माणूस गेला की तुझ्यापुरता तो संपतो, अशी सवय लागलीय तुला. आणि माझा मुलगा नऊ महिने तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसणार."

निकिताने अमितकडे पाहिलं. "तुम्ही तरी काही बोला ना."

अमितने गाडी सुरू केली. "कळवतो," तो म्हणाला.

मुलगी बघायला आलेला माणूस 'कळवतो' म्हणाला की त्याचा अर्थ काय, हे चार वर्षं समुद्रावर काढूनही ती विसरली नव्हती.

गाडी निघाली. आजवर हजारो माणसं तिच्या केबिनमधून गेली होती. एकालाही तिने जाताना पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा ती चादरी ओढत असायची. आज ती भर उन्हात बघत उभी राहिली. गाडी द्राक्षबागेला वळसा घालून दिसेनाशी झाली. उडालेला फुफाटाही खाली बसला.

यशोदाबाई शेजारी आल्या. त्यांना बोलायचं पुष्कळ होतं, पण पोरीचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं. "चल घरात. ऱ्हायलेलं मी आवरते."

"नको गं, आई," रस्त्यावरची नजर न काढता निकिता म्हणाली. "एवढ्यात नको आवरूस."