माझ्या पायथ्याचे दोन दगड

मित्रांनो, नीलम्मा माझ्या मातीखाली सापडली तो शुक्रवार होता. सकाळी ती घागर घेऊन आली होती. ऊन डोक्यावर आले तरी परतली नाही, म्हणून तिचा नवरा चनमल्लप्पा शोधत आला. माझ्या उतारावरची ओली माती घसरून ढीग झाला होता आणि त्यातून घागरीचा काठ दिसत होता. त्याने हातांनीच उकरायला सुरुवात केली. माणसे फावडी घेऊन पोचली तेव्हा तिचे डोके त्याच्या मांडीवर होते.

मी एक मातीचा बांध आहे. अक्कलकोटच्या बाजूला चुनखडीची खाण आहे, तिच्याजवळ मी उभा आहे. खाणीत फोडलेला दगड धुतात आणि त्याचा राखाडी गाळ माझ्यामागे आणून सोडतात. तो अडवून धरायचा, खालच्या गावावर जाऊ द्यायचा नाही, एवढेच माझे काम.

मला त्याच गावाने घडवले. गाढवांवरून काळी माती आली, बायकांनी पाट्या वाहिल्या, बैलांनी दगडी रूळ ओढून मला दाबले. नीलम्मा तेव्हा नवी नवरी होती, तिनेही पाट्या वाहिल्या. पहिल्या मोठ्या पावसात मी टिकलो तेव्हा मुकादमाने माझ्यावर नारळ फोडला. मला फार बरे वाटले. पुढे गाळ वाढला की माझ्यावर नवा थर चढवत, पण रूळ कोणी आणत नसे. माती नुसती ओतून जात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींत उतरून वाटीने पाणी भरायची वेळ आली. खाणीच्या खोल खड्ड्यात पाणी होते, दगड त्यानेच धूत, पण गावाला त्याला हात लावू देत नसत. त्या उन्हाळ्यात माझ्या पायथ्याशी ओल आली, हिरवे गवत उगवले आणि बारीक झरा वाहू लागला. गावातल्या वडीलधाऱ्या रुद्रप्पांनी तिथे एक दगड मांडून शेंदूर लावला. झऱ्याची अव्वा, म्हणजे झऱ्याची आई, असे त्या देवीचे नाव पडले. गाव त्या पाण्यावर जगले.

ते पाणी माझ्याच अंगातून येत होते. स्वच्छ होते तोवर मला भीती नव्हती. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पण पाण्याबरोबर माती जाऊ लागली की बांध आतून पोकळ होतो. पुढे पाऊस आला, विहिरी भरल्या, तरी शुक्रवारच्या पूजेला बायका माझ्याकडूनच पाणी नेत. आणि ते पाणी हळूहळू ताकासारखे होऊ लागले.

नीलम्माने ते पाहिले.

"अवं, घागरीच्या तळाला माती बसतीया. पयलं असं न्हवतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"फडक्यानं गाळून घे की. अव्वानं पाणी दिलं, आता चाळणबी तिनंच द्यावी व्हय?"

"तुमाला समदी चेष्टाच."

खाणीचा ओव्हरसियर आला. त्याने ओंजळीत पाणी घेतले आणि त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "हा दगड जरा बाजूला मांडा. इथं चर खणून वाळू भरू, वर खडी, वर मोठे दगड. पाणी जाईल, माती राहील."

रुद्रप्पा म्हणाले, "सायेब, दुष्काळात तुमच्या खाणीनं तांब्याभर पाणी दिलं न्हाय. हिनं दिलं. आता हिलाच ऊठ म्हनू?"

"हुकूम आणलाय का अव्वाच्या नावाचा?" चनमल्लप्पा ओरडला. लोक खूप हसले. वाळूच्या गाड्या परत गेल्या. खाणीचा मालक म्हणाला, गाव ऐकत नाही तर मी काय करू, आणि गाळ सोडतच राहिला.

नीलम्मा गेल्यावर गावाला शहाणपण येईल असे मला वाटले होते. गावाने तिच्या नावाचा दुसरा दगड मांडला. अव्वाने तिला पोटात घेतले, असे लोक म्हणाले. हिरव्या बांगड्या, कुंकू, सगळे वाहिले.

चनमल्लप्पा रुद्रप्पांकडे गेला. "काका, दोनी दगड उचलू द्या. सायेब अजून वाळू आनतो म्हनतोय."

"येडा झालास व्हय रं? तुजीच बायकू हाय तितं. गावानं मान दिला तिला."

"मान नगं मला. माती अजून चाललीया, काका. खाली समदं गाव हाय."

"दुक्कानं बोलतोयस. जा, घरला जा."

तो घरी गेला नाही. माझ्याकडे आला आणि बायकोचा दगड एकट्याने उपटू लागला. लोकांनी त्याला ओढून काढले. नीलम्माबरोबर पाणी भरणारी मथुराबाई रडत म्हणाली, "तिला आता तरी निवांत बसू दे की, दादा." तो तिथेच मातीत बसून राहिला.

आता तो रोज येतो. पितळी पेल्यात माझे पाणी भरतो, निवळू देतो आणि तळाला बसलेली माती घेऊन दारोदार फिरतो. "बगा, ही बांधाची माती हाय. बांध चाललाय," असे सांगतो. लोक हात जोडतात, पेला डोळ्यांना लावतात आणि तीर्थ म्हणून पिऊन टाकतात. रिकामा पेला घेऊन तो पुढच्या दारी जातो, आणि तिथे दाखवायला त्याच्याजवळ काही उरत नाही.

मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड नाही. गढूळ पाणी हेच माझे बोलणे. मला शेंदूर नको, नारळ नको. मला वाळू हवी, दगड हवेत, आणि मागचा गाळ थांबायला हवा. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याची पूजा करा, पण त्याला काय होते आहे तेही बघा.

परवा माझ्या माथ्यावर एक लांब भेग पडली. गाळ काठापासून हातभर खाली आहे. चर अजून खणलेला नाही.