दीपाच्या नावाची ओटी

मेलेल्या माणसाला साक्षीला आणता येत नाही, असा आपला एक भाबडा समज असतो. व्यंकटरावांनी तीही सोय केली. सोमवारी हिंगोलीच्या कोर्टात पारुबाईंची साक्ष व्हायची होती आणि त्याआधी शुक्रवारीच हा गृहस्थ जीपभर माणसं घेऊन त्यांच्या गावी, गोरेगावात, येऊन उतरला. सोबत पाच वर्षांची एक पोरगी होती. त्या पोरीच्या रूपानं पारुबाईंची लेक दीपाच परत आली आहे, असं त्याचं म्हणणं.

सहा वर्षांपूर्वी दीपाचं प्रेत सिद्धेश्वरच्या धरणात सापडलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. धुणं धुताना पाय घसरला, असं तिच्या सासऱ्यानं, म्हणजे या व्यंकटरावांनीच सांगितलं. ज्या घरात दोन बोअर आणि अंगणात नळ, त्या घरची सून धुण्याचं गाठोडं घेऊन दोन किलोमीटर धरणावर कशाला जाईल, हा साधा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. पारुबाईंना पडला. त्यांनी तक्रार दिली आणि त्या दिवसापासून त्या 'हट्टी बाई' झाल्या. जाऊ द्या, किती ताणता, हे शिकवायला अख्खं गाव हजर. पण हीच दीपा पाठीवरचे वळ दाखवून 'मला परत धाडू नका' म्हणत होती, तेव्हा यातलं एक माणूस दारात फिरकलं नव्हतं. उलट पारुबाईंचा धाकटा दीर विजयकुमार स्वतः तिला जीपमध्ये बसवून सासरी सोडून आला होता. शाळेत क्लार्क असलेला शहाणासुरता माणूस!

त्याच विजयकुमारनं पंधरा दिवसांपूर्वी ही बातमी आणली होती. व्यंकटरावांच्या सालगड्याची पोरगी, गुंजन नावाची, 'मी दीपा हाय' म्हणते. "वहिनी, लेकरू बराबर सांगून राहिलं. बघून तर घ्या एकदा."

पारुबाईंनी त्याला हाकलून लावलं. पण खोटं कशाला बोलायचं, ते खरं निघावं असं त्यांना आतून फार वाटत होतं. दुसऱ्याच्या पोटी का होईना, पोरगी परत आली असेल तर कुठल्या आईला नको होईल? शुक्रवारी सकाळी त्यांनी दीपाच्या आवडीच्या शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या आणि स्वतःवरच चिडून झाकून ठेवल्या. त्यांना पोरीच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती. ती कोणती, हे त्यांनी विजयकुमारलासुद्धा सांगितलं नाही.

जीप थांबली तेव्हा पारुबाई स्वतःच्या पिठाच्या गिरणीत दळण दळत होत्या. त्यांनी गिरणी बंद केली. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका तिथेच थांबल्या, रस्त्यावरची माणसं गोळा झाली, मोबाइल वर झाले. गर्दीच्या मधोमध नव्याकोऱ्या गुलाबी फ्रॉकमध्ये गुंजन उभी होती. फ्रॉकच्या गळ्याला आतून शिवलेली कंपनीची चिठ्ठी टोचत होती म्हणून ती सारखी मान खाजवत होती. मागे तिची आई सुमनबाई पदराचं टोक चावत उभी होती.

"सांग बाई, सांग," व्यंकटराव म्हणाले.

पोरगी पाढे म्हणावेत तशी बोलू लागली. "माझ्या घरी दोन म्हशी व्हत्या. माझी खोली माडीवर व्हती. कपाटाला मोठा आरसा व्हता. मी धुणं धुयाला गेले. तिथं शेवाळ व्हतं. माझा पाय घसरला. मला कुणीच ढकललं न्हाई."

विचारलं नसताना पाच वर्षांचं लेकरू सांगतं, मला कुणी ढकललं नाही! आणि हे ऐकून गर्दीतल्या माणसांनी हात जोडले. एक म्हातारी तर त्या चिमुरडीच्या पाया पडली. दीपाच्या मातीला यायला या लोकांना वेळ नव्हता, आणि आज तिच्या पाया पडायला चढाओढ.

व्यंकटरावांनी रुमालानं कोरडे डोळे पुसले. "इहीनबाई, आता तर खुद्द दीपाच सांगून राहिली. मग ती केस काहून चालवायची? पोरगी माहेराला आली, तिची ओटी भरा अन् सोमवारी तेवढं सांगून टाका, आमची तक्रार न्हाई." त्यांनी पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढले. माहेरच्या ओटीचं सामान सासऱ्यानं आणलेलं, हेही गोरेगावानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मी भरू ओटी?" पारुबाई म्हणाल्या. "मी विधवा बाई. दीपाच्या लग्नात तुमीच मला म्हणले व्हते, तुमी जरा बाजूला उभ्या राहा, शुभ काम हाय. पोटच्या पोरीला हळद लावू दिली न्हाई तुमी मला."

"आता कोण बघतंय ते? जमाना बदलला, इहीनबाई."

जमाना नेमका शुक्रवारीच बदलला होता.

विजयकुमार हळूच म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या आता. किती दिवस तकलीफ करून घेता?"

पारुबाई त्याच्याकडे न बघता गुंजनच्या समोर बसल्या. पिठानं माखलेले हात त्यांनी पदराला पुसले. खोटं असेल तर कळायलाच हवं होतं, आणि खरं असेल तर त्या सगळी केस सोडून द्यायला तयार होत्या.

"लेकरा, मी कोण हाय तुजी? मला काय म्हणत व्हतीस तू?"

गुंजननं क्षणभरही विचार केला नाही. "आई!" असं मोठ्यानं म्हणून तिनं शिकवल्याप्रमाणे गळ्याला मिठी मारली.

गर्दीतून हुंदके आले. पारुबाईंनी मात्र ती मिठी सोडवली. त्यांना उभ्या जन्मात कुणी आई म्हटलं नव्हतं. घरात तीन दीर, तिघंही दिवसभर 'वहिनी, वहिनी' करायचे. रांगणारी दीपा तेच ऐकून वहिनी म्हणायला शिकली आणि पुढे सगळे हसले तरी तिनं ते सोडलं नाही. शेजाऱ्याच्या मोबाइलवरून लपून केलेल्या शेवटच्या फोनवरही ती तेच म्हणाली होती, वहिनी, मला घेऊन जा.

विजयकुमारची मान खाली गेली होती. त्याला कळलं होतं.

पारुबाई उभ्या राहिल्या. "व्यंकटराव, माझी पोरगी एकोणीस वर्षं या घरात वाढली अन् तीन वर्षं तुमच्या घरात राहिली. या लेकराला तुमच्या म्हशी आठवतात, तुमचा आरसा आठवतो. ही गिरणी काहून आठवत न्हाई? इथं पिठात बसून मोठी झाली ती. तीन वर्षांत दोनदा पाठवली तुमी तिला, तेबी दिवस मावळायच्या आत परत. फोन करू दिला न्हाई. ती मला काय म्हणायची, एवढंबी ठाऊक न्हाई तुमाला!"

"मग काय म्हणायची?" व्यंकटराव घाईनं म्हणाले.

"न्हाई सांगणार. सांगितलं तर उद्या तेबी शिकवून आणाल."

गर्दीतले मोबाइल एकेक करून खाली आले. सुमनबाई रडू लागली. "आमी त्यांच्या शेतात राहातो, बाई. न्हाई म्हणलं तर जायाचं कुठं?"

"तुज्यावर राग न्हाई माझा," पारुबाई म्हणाल्या. त्यांनी आतून कात्री आणली आणि गुंजनच्या फ्रॉकची टोचणारी चिठ्ठी कापून टाकली. मानेवर लाल चट्टा उठला होता. एवढ्या भक्तांपैकी एकालाही तो दिसला नव्हता.

"आजी, म्हणून झालं का आता?" गुंजननं हळूच विचारलं. "मी दीपा नको होऊ?"

"नको होऊ. माझी दीपा एकच व्हती." त्यांनी झाकलेल्या पोळ्या आणून गुंजनच्या फ्रॉकच्या घोळात घातल्या. "ह्या तुज्या नावाच्या हायेत. गुंजनच्या. खा."

खण आणि नारळ त्यांनी व्यंकटरावांच्या पिशवीत परत टाकले, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि गिरणी सुरू केली. त्या घरघरीत व्यंकटराव काहीतरी ओरडत होते, पण ते कुणाला ऐकू आलं नाही. ऐकायची कुणाला गरजही नव्हती. जीप गेली, गर्दी पांगली, बायका आपापले डबे घेऊन गेल्या.

विजयकुमार तेवढा दाराशी उभा होता. दळण संपल्यावर पारुबाईंनी गिरणी बंद केली, तेव्हा तो बोलला.

"सोमवारी मीबी येतो कोर्टात. पाठीवरचे वळ मी पाहिले व्हते, अन् तरी मीच तिला सोडून आलो, हे सांगतो." "येऊ का, वहिनी?"

पारुबाईंनी गिरणीभोवती सांडलेलं पीठ झाडून गोळा केलं.

"सातची जीप हाय," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं उशीर केलास, आता तरी येळेवर ये."