शीतलला उचलील कोण

गोपिकाबाईला खोटं बोलता येत नाही, असं टेंभुर्णीत सगळे म्हणायचे. त्यात कौतुकासारखं काही नव्हतं. बाईवर तशी वेळच आली नव्हती. वेळ आली तेव्हा ती अशा सफाईनं बोलली, की अंबडच्या कोर्टातल्या वकिलांनी कान पकडावेत.

वेळ आली ती पोरीपायी. शीतल बावीस वर्षांची, नाकीडोळी नीटस, बारावी पास. गावातल्या निम्म्या साड्यांचे फॉल-पिको तिच्या हातचे. पण खाली बसली की उठता येत नाही. सपाटीवर चालते, तेही डुलत डुलत, आणि उंबरा आला की थांबते. शाळेत खो-खो खेळणारी पोरगी ही! आधी जिना सुटला, मग मांडी घालून जेवणं सुटलं. आता न्हाणीतल्या स्टुलावरूनही काखेत हात घालून उभी करावी लागते. बाप रायभान होता तोवर तो उचलायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं आणि सगळं ओझं गोपिकाबाईच्या कमरेवर आलं. कंबर आधीच मिरचीच्या प्लॉटात वाकून वाकून कामातून गेलेली. ‘मी मेले की हिला कोण उचलील?’ बाईला हा एकच घोर. भाकरी थापताना तोच, प्लॉटात तोच. देवापुढं हात जोडले तरी तोंडातून दुसरं मागणं निघत नव्हतं.

दुखणं काय ते संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. रक्त तपासून आलं, तेव्हा त्यांनी मायलेकींना समोर बसवून नीट समजावलं. आपल्या स्नायूंत कॅल्पेन-तीन नावाचं एक एन्झाइम असतं. झिजलेली प्रथिनं कापून काढायची, म्हणजे तिथं नवी बसतात, हे त्याचं काम. ते कसं तयार करायचं हे एका जनुकात असतं. त्या जनुकाच्या प्रत्येकाजवळ दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं, माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. शीतलच्या दोन्ही बिघडलेल्या. कापणारंच नाही म्हटल्यावर स्नायू हळूहळू वाळत जातात. औषध? अजून तरी नाही.

“तुम्ही नवराबायको नात्यातले होता का?” बाईंनी विचारलं.

नात्यातले म्हणजे काय! रायभान गोपिकाबाईच्या सख्ख्या आत्याचा पोरगा. आणि तेवढ्यावर थांबतील ती माणसं कसली? एकाच मांडवात साटंलोटं केलेलं. गोपिका रायभानला दिली, आणि रायभानची बहीण दैवशाला गोपिकाच्या धाकट्या भावाला, अंबडच्या भुजंगला केली. पोरगी द्या, पोरगी घ्या, दोन्ही घरं खूश. परकं रक्त नको, आपलं माणूस आपल्याला बराबर जाणतं, असं तेव्हा म्हातारे मिशीला पीळ देऊन सांगत होते. त्यांचं काय गेलं? ते मरून सुटले.

“टेंभुर्णीकडं बियाण्याचे प्लॉट आहेत ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नर एका वाणाचा घेता, मादी दुसऱ्या वाणाची. एकाच घरातलं एकमेकांना लावलं की लपलेला दोष वर येतो. तसंच झालंय हे. तुमच्या भावालाही सांगा. त्यांचं घर तसंच जुळलेलं आहे, त्यांच्या मुलाची तपासणी करून घ्या.”

शेडनेटमध्ये रोज सकाळी कळ्या उकलून पराग लावण्यात गोपिकाबाईचा जन्म गेला होता. तिला कळलं. बिलकुल कळलं. “सांगते,” म्हणाली, आणि सांगितलं नाही. कशाला सांगायचं? दैवशालाच्या कानावर गेलं की अंबडभर होणार, पोरीच्या नावावर शिक्का बसणार. आणि भुजंगला एकच पोरगा, पप्पू. तो तर ठणठणीत! जालन्यात मस्तगडला मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसतो, व्हिडिओ कॉलवर दात काढून हसतो. त्याला काय धाड भरलीय, असा हिचा हिशेब. पप्पूला तिनं समोरासमोर पाहिलं होतं ते रायभानच्या दहाव्याला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

आणि एक दिवस भुजंगचा फोन आला.

“अक्का, एक मागतो, न्हाई म्हणू नको. शीतल मला दे. पप्पूला करतो.”

“अरे भुजंगा, तिचे पाय...”

“ठाऊक हाय मला, जरा अशक्त हाय पोरगी. माझ्या भाचीला मी न्हाई सांभाळायचं तर कुणी? दैवशालाबी खूश हाय. जल्दी उरकून घेऊ, उगं लांबवायचं न्हाई.”

माय माय! फोन ठेवला आणि बाई गॅसपुढंच बसून ढसाढसा रडली. सुखानं रडली. पप्पू उंचापुरा, ऐन पंचविशीतला. शीतलला दोन हातांवर अलगद उचलताना तिनं त्याला मनातल्या मनात बघूनही घेतलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं नाही असं नाही. लेकरं तशी निघतील कदाचित. निघतील तेव्हा बघू! न झालेल्या लेकरांसाठी झालेल्या पोरीला वाऱ्यावर सोडू का?

“मामाला सगळं सांगितलंस ना?” शीतलनं विचारलं. “ते जनुकाचं, डॉक्टरांचं?”

“सांगितलं की. म्हणला, काही हरकत न्हाई.”

पापणीसुद्धा लवली नाही. शीतल थोडा वेळ आईच्या तोंडाकडं बघत राहिली, मग मशीनवर वाकली. त्या दिवसापासून तिचे आणि पप्पूचे फोन सुरू झाले. पोरगी मशीन बंद करून बोलायची, मधेच खुदकन हसायची. रायभान गेल्यापासून त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. गोपिकाबाई दाराआड उभी राहून ऐकायची आणि पदरानं डोळे पुसायची.

टिळा आणि कुंकू एकाच दिवशी, अंबडला भुजंगच्या घरी ठरलं. घरचाच मामला, पोरगी सोबत आणली तर कोण काय म्हणणार? जीप करून मायलेकी गेल्या. भुजंगनं अंगणात लहानसा मांडव घातला होता, पाव्हणे जमले होते, आणि दोघांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. पाटावर बसवायचं नाही, हे भावाला न सांगता सुचलं म्हणून गोपिकाबाईला भरून आलं. पप्पू आधीच खुर्चीत बसलेला, दाढी-कटिंग केलेला, राजबिंडा. तो आत्याच्या पाया पडायला हलला न हलला, तोच भुजंग पुढं झाला. “राहू दे, राहू दे, ते लग्नात!” किती समजूतदार माणसं, असं बाईला वाटलं. वाटणारच. आंधळ्या मनाला सगळंच गोड दिसतं.

टिळा लागला. नवे कपडे दिले. कपडे घालून यायला पप्पूला भुजंगनं खांद्याखाली हात घालून आत नेलं, गप्पा मारत मारत, कुणाला काही वाटू नये असं. टोपी मात्र पिशवीतच राहिली होती. गोपिकाबाई ती घेऊन उठली आणि आतल्या खोलीचं लोटलेलं दार ढकललं.

पप्पू पलंगाच्या कडेला पाठमोरा बसला होता, उघडा. दैवशाला त्याचा हात धरून सदऱ्याच्या बाहीत घालत होती, लहान लेकराला घालतात तसा. हात खांद्याच्या वर येतच नव्हता. आणि पाठीवर, खांद्यामागची दोन्ही हाडं पंखांसारखी बाहेर निघालेली. तशी पाठ गोपिकाबाई रोज न्हाणीत चोळत होती. तिच्या हातातली टोपी गळून पडली.

भुजंग तिच्या मागून आला. तिचं तोंड बघूनच त्याला काय ते कळलं. त्यानं तिला दंडाला धरून मागच्या दारी, पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“झालं वरीस-दीड वरीस. आधी जिना चढंना, मंग हात वर जाईनात.” भुजंग खाली बघून बोलत होता. एकदम त्यानं मान वर केली. “तू कशाला डोळे वटारून राह्यलीस, अक्का? तुझ्या पोरीचं काय दुखणं हाय ते तू सांगितल्तं का मला?”

“तू तर पप्पूचं अक्षर न्हाई काढलंस!”

“काढलं असतं तर पोरगी कोण देणार होतं? मी म्हणलं, शीतल घरची हाय. हळू चालती, पण चालती. आम्ही दोघं गेल्यावर पप्पूला हात द्यायला कुणी तरी...”

गोपिकाबाई टाकीला टेकली. तिनं तिच्या मनात पप्पूला कामाला लावलं होतं, यानं याच्या मनात शीतलला. उचलणारं कुणीच नव्हतं.

“होऊ दे, अक्का,” भुजंगनं हात जोडले. “दोघंबी आपलीच लेकरं हायेत. पाव्हणे जेवायला बसून राह्यलेत. माझी लाज राख.”

इथं बाईनं घटकाभर गप्प बसायला पाहिजे होतं. बहीणभावानं एकमेकांच्या गळ्यात पडून रडून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण लबाडी करायला निघालेल्या माणसाला दुसऱ्यानं लबाडीत गाठलं की जो संताप चढतो, तो फार वाईट. त्यात डॉक्टरीणबाईंचं बोलणं डोक्यात वाजायला लागलं. ह्या दोघांना लेकरं झाली तर आता कदाचित-बिदाचित काही नाही, झाडून सगळी तशीच निघणार. ती तरातरा मांडवात आली.

“ऊठ शीतल! चल घरी! लुळा पोरगा माझ्या पोरीच्या गळ्यात बांधून राह्यले हे लोक! ऐका हो पाव्हणे, लुळा हाय हा, लुळा! बापानं झाकून ठेवलाय!”

पंगतीतले हात पानावर थांबले. पप्पू नवे कपडे घालून दारात आला होता, चौकट धरून उभा. दैवशाला वाघिणीसारखी बाहेर पडली. “आणि तुमची लई पळती का हो, वहिनी? तिला ऊठ म्हणता, उठून दाखवू द्या की!”

शीतल खुर्चीत तशीच होती. ती आईकडं बघत नव्हती, मामीकडंही नाही. ती दाराकडं बघत होती. शेवटी पाव्हण्यांतल्या दोघी बायकांनी काखेत हात घालून तिला जीपमध्ये नेऊन बसवलं.

जालना मागं पडलं तरी गोपिकाबाईचं तोंड थांबलं नव्हतं. वाचलीस म्हणावं. सख्खा भाऊ असा निघाला म्हणावं. राजूरच्या पुढं शीतल पहिल्यांदा बोलली.

“मला ठाऊक होतं.”

“काय?”

“पप्पूचं. पहिल्याच फोनला त्यानं सांगितलं. मी माझं सांगितलं. तू मामाला काही बोलली न्हाईस, तेबी तवाच कळलं.” ती समोरच्या काचेकडं बघत सावकाश बोलत होती. “कॅल्पेनचं मीच त्याला समजावलं. तो गुपचूप संभाजीनगरला जाऊन रक्त देऊन आला. तेच निघालं, माझंच. लेकरू होऊ द्यायचं न्हाई, हे आमचं ठरलं होतं. मस्तगडला दुकानाच्या मागं खालची खोली बघितली होती त्यानं. दोघांना उठवायला सकाळ-संध्याकाळ एक बाई यायची होती, नंदाबाई म्हणून. तिच्याशीबी बोलून ठेवलं होतं.”

गोपिकाबाई तिच्याकडं वळली. “मंग सांगायचं न्हाई का गं मला?”

“सांगितलं असतं तर तू मोडलं असतंस.”

खरं होतं ते. मोडलंच असतं. रायभान गेल्यापासून जो घोर तिला जाळत होता, त्याच्यावर ह्या दोन पोरांनी कुणाला न विचारता तोड काढली होती. आणि तिनं ती भर मांडवात पायाखाली तुडवली होती. बाईनं पुढच्या सीटवर हात आपटला. “दादा, गाडी फिरवा! अंबडला चला. मी भुजंगाच्या पाया पडते, दैवशालाच्या पडते.”

ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली.

“नको,” शीतल म्हणाली.

“अगं, रागात बोलून गेले मी. भाऊ हाय माझा, ऐकील तो.”

“मामा ऐकील. पप्पूबी ऐकील.” शीतलनं आता आईकडं तोंड केलं. डोळे कोरडे होते. “सगळ्यांसमोर त्याला लुळा म्हणलीस तू. मी तिथंच खुर्चीत बसले होते. तो लुळा, मंग मी कोण, आई?”

ड्रायव्हरनं आरशातून दोघींकडं बघितलं. कुठं घेऊ म्हणून त्यानं विचारलं, पुन्हा एकदा विचारलं. मग त्यानं गाडी टेंभुर्णीच्या रस्त्याला लावली.