मिस ऑर्टेन्सच्या कपाटातला कोट

मित्रांनो, मी एक जुना गडद निळा कोट आहे. मला घालणाऱ्या माणसावर बहुतेक वेळा अमेरिकेच्या केंद्र सरकारने खटला भरलेला असतो. घाबरू नका, मी स्वतः कधी काही केलेलं नाही.

लुईझियानातल्या लाफायेत गावी एका म्हाताऱ्या शिंप्याने मला डॉक्टर रेमींसाठी शिवलं. कापड लोकरीचं, अस्तर रेशमी. पण डॉक्टरांची खाण्याशी फार मैत्री. एका नाताळात त्यांनी मला ऐटीत मिरवलं आणि पुढच्या नाताळात माझी गुंडीच लागेना. त्यांच्या पत्नी मिस ऑर्टेन्स वकील आहेत; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस' म्हणतात. त्यांनी मला घरातून उचललं आणि ऑफिसच्या कपाटात टांगलं. मला वाटलं, संपलं आपलं! पण माझं खरं आयुष्य तिथेच सुरू झालं.

मिस ऑर्टेन्स पैशांच्या गुन्ह्यांचे खटले आरोपीच्या बाजूने लढवतात. कैद्याचे कपडे पाहिले की बघणारा मनात निकाल देऊन मोकळा होतो, म्हणून ज्युरीसमोर साध्या कपड्यांत बसायचा आरोपीला हक्क आहे. ज्यांच्याकडे बरे कपडे नसतात, त्यांच्यासाठी ते कपाट. खोटी बिलं लावणारा दवाखान्याचा मालक मला घालून गेला आणि काहीही न केलेला एक ट्रकवालाही. ऊब मी दोघांना सारखीच दिली. काही जण मला घालून हसत बाहेर पडले. काही थेट आत गेले आणि मी कागदी पिशवीतून एकटाच परत आलो. त्या दिवशी फार वाईट वाटायचं.

बहुतेक लोक खटला न लढवता, गुन्हा कबूल करून कमी शिक्षेसाठी सरकारशी तडजोड करतात. त्यामुळे महिनोन्महिने मी नुसता लोंबकळत असे. एकदा कसरीने माझी उजवी बाही कुरतडली, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

अशात एक दिवस क्लोव्हिस गिद्री आला. तो जामिनावर होता. गावाबाहेर त्याचं बूदँचं दुकान होतं. बूदँ म्हणजे भात आणि डुकराचं मांस भरलेलं गरम सॉसेज. आमच्याकडे लोक ते गाडीतच बसून, बोटं चाटत खातात.

"तुमच्याकडे कोट नाही?" मिस ऑर्टेन्सनी विचारलं.

"होता की. भावाला घालून पुरला. त्याच्याकडे चांगला नव्हता ना."

हे ऐकून माझ्या अस्तराला घाम फुटला.

क्लोव्हिसचा गुन्हा तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्याकडे दहा हजार डॉलरच्या वर रोकड भरली की बँकेला सरकारला कळवावं लागतं. सरकारला कळू नये म्हणून कुणी मुद्दाम थोडी थोडी रक्कम भरली, तर पैसा कितीही घामाचा असला तरी तो गुन्हा ठरतो. क्लोव्हिस वर्षभर दहा हजारांच्या आतच भरत होता. केंद्राचे दोन तपास अधिकारी घरी आले, तेव्हा त्याने त्यांना बसवलं, कॉफी दिली, ताट भरून बूदँ वाढलं आणि वर अभिमानाने सांगितलं, "छे छे, दहाच्या वर मी जाऊच देत नाही!" त्यांनी पोटभर खाल्लं आणि शब्दन् शब्द लिहून घेतला.

मिस ऑर्टेन्सनी कपाळावर हात मारला. "अहो क्लोव्हिस, दारात सरकार उभं राहिलं की एकच वाक्य बोलायचं. माझ्या वकिलाशी बोला."

"आल्या माणसाला उंबऱ्यावरून घालवू? आई वरून बघतेय, मिस ऑर्टेन्स."

"आई वरून बघेल. तुरुंगात भेटायला मला यावं लागेल. का केलंत असं?"

"काउंटरवरच्या नोएमीसाठी. मोठी रक्कम असली की बिचारीला लांबलचक फॉर्म भरावा लागतो. जेवण राहून जातं तिचं. तिनेच सांगितलं होतं."

पण अधिकाऱ्यांनी विचारल्यावर नोएमी म्हणाली होती, मला आठवत नाही. ग्राहकाला असलं काही सुचवलं तर बँक नोकरीवरून काढते. त्यामुळे क्लोव्हिसचं म्हणणं खरं मानायला कुणी तयार नव्हतं. दोषी ठरला तर तुरुंग, आणि बापाच्या वेळचं दुकान बंद.

खटल्याच्या दिवशी बाहेर डांबर वितळत होतं आणि आत एसीने दात वाजत होते. मिस ऑर्टेन्सनी बजावलं होतं, "हात टेबलावर. हलायचं नाही, बोलायचं नाही." क्लोव्हिस मला घालून पुतळ्यासारखा बसला.

सरकारी वकिलाने नोएमीला साक्षीला बोलावलं. ती पातळ ब्लाउजमध्ये आली होती. तिचे ओठ निळे पडले होते. "तुम्ही आरोपीला कधी काही सुचवलं होतं?" वकिलाने विचारलं. ती उत्तर देणार, तोच क्लोव्हिस उठला. माझ्यातून त्याचा एक हात बाहेर आला, मग दुसरा.

"माफ करा, जजसाहेब. पोरगी काकडलीय."

कोर्टातला पहारेकरी, मार्शल, धावला. सरकारी वकिलाने जोरात हरकत घेतली. मिस ऑर्टेन्सनी डोळे मिटले. जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मिस्टर गिद्री, खाली बसा. मार्शल, तो कोट बाईंना द्या. आणि कुणीतरी त्या एसीकडे बघा, मीही गारठलोय."

मी नोएमीच्या खांद्यांवर गेलो. तिने दोन्ही हातांनी माझी कॉलर घट्ट धरली. वकिलाने प्रश्न पुन्हा विचारला. तिने क्लोव्हिसकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं, मिस्टर क्लोव्हिस, दहाच्या खाली आणलंत तर माझं जेवण होईल. ते हसले आणि तेव्हापासून तसंच आणायला लागले. नोकरी जाईल म्हणून मी आठवत नाही म्हटलं. पण आठवतंय मला. सगळं आठवतंय."

माझी कॉलर भिजली. मित्रांनो, इतकं ओलं होऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

क्लोव्हिसला सरकारपासून काही लपवायचं नव्हतं, फक्त नोएमीचं जेवण चुकू द्यायचं नव्हतं, आणि लपवायचा हेतू नसेल तर तो गुन्हा होत नाही, हे ज्युरीला पटलं. त्यांनी त्याला निर्दोष ठरवलं.

नोएमीची नोकरी गेलीच. आता ती क्लोव्हिसच्या गल्ल्यावर बसते. बँकेत भरणाही तीच करते, असेल तेवढी रक्कम एकदम, फॉर्मसकट. मला परत करायला दोघं मिळून आले. माझ्या बाहीला तिने रफू केलं होतं. दोरा काळा असल्याने तो निळ्यावर उठून दिसतो, पण मला आवडतो.

"आता अधिकारी आले तर काय म्हणायचं?" मिस ऑर्टेन्सनी क्लोव्हिसला विचारलं.

"माझ्या वकिलाशी बोला."

"शाबास!"

"आणि त्या येईपर्यंत कॉफी घ्या."

 मिस ऑर्टेन्सनी मला नीट ब्रश करून टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना कोट असेल तर त्याला असाच अधूनमधून ब्रश करा, कसरीपासून जपा. आणि कुणी काकडताना दिसलं, मग ते तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला का आलेलं असेना, तर तो त्याच्या अंगावर घाला. कोट परत येतो. मी आलोच की.