शंभर टक्के हजेरी

फ्लूच्या परिपत्रकात नऊ सूचना होत्या आणि सहावी ‘ब’च्या बाईंनी त्यांतल्या आठ तंतोतंत पाळल्या. खिडक्या सताड उघड्या, खोकताना तोंडावर कोपर, पाण्याची बाटली ज्याची त्याने वापरायची. हात धुताना तर बाई स्वतः नळापाशी घड्याळ धरून उभ्या राहत. वीसऐवजी सतरा सेकंदांत हात आखडता घेणारा पुन्हा रांगेच्या शेपटाला.

नववी सूचना होती, ताप आलेल्या मुलाला घरीच ठेवा. ती चुकीची आहे असं बाईंचं मुळीच म्हणणं नव्हतं. फक्त ती ढालीच्या आड येत होती. महिनाभर एकही गैरहजेरी नसलेल्या वर्गाला ही ढाल मिळे. सलग पाच महिने ती सहावी ‘ब’च्या भिंतीवर होती. ‘अ’च्या बाई येता-जाता तिच्याकडे बघून जो सुस्कारा सोडत, त्यानं बाईंचं जेवणाआधीच पोट भरे.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना चिमणी आली नाही. वर्गातली सगळ्यांत बारकी मुलगी, म्हणून चिमणी. हजेरी घेताना बाई नुसतं “अरेरे” म्हणाल्या. तेवढं पुरलं. वर्गाची मॉनिटर, जिला सगळे पुढारीणबाई म्हणत, रखवालदाराला ‘बाईंनी पाठवलंय’ असं सांगून बाहेर पडली आणि पाऊण तासात चिमणीला हाताला धरून हजर झाली. बाईंनी पाठवलं नव्हतं हे खरं. पण त्यांनी परतही पाठवलं नाही. चिमणीच्या कपाळाला हात लावला. चांगलंच पोळलं. “उन्हातून आलीस ना,” असं म्हणून त्यांनी हजेरीपटावर ‘ह’ लिहिला.

दुपारी चिमणीला वर्गात उलटी झाली. शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींनी ती पुसली, पोरीचं तोंड धुतलं आणि तिची आई येईपर्यंत त्या तिला मांडीवर घेऊन बसल्या. मावशींची छाती मुळातच अधू. जिना चढताना तीनदा थांबायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, “पायऱ्या मोजतेय बाई, एखादी कुणी नेली तर?”

एक तारखेपासून मुलं आडवी व्हायला लागली. आठवड्यात चौतिसांपैकी एकोणीस. ढाल मात्र मिळाली. हिशेब गेल्या महिन्याचा होता. मावशींना न्यूमोनिया होऊन इस्पितळात ठेवलं.

हेडसरांनी शाळेतर्फे फळं देऊन बाईंनाच धाडलं. निघताना धीरही दिला, की साथच आहे, कुणाचं कुणाला लागलं हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. वाक्य सोयीचं होतं. बाईंनी ते वाटेत दोनदा मनात म्हणून पाहिलं.

इस्पितळात काचेच्या दारापलीकडे मावशी होत्या, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. अलीकडे बाकावर त्यांची लेक. शिवणकाम टाकून आलेली, बाहीला अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. डॉक्टर दोन दिवस काहीच सांगू शकत नाहीत, असं ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, “माझ्याच बाळाला सर्दी होती, बाई. कामाच्या नादात मी त्याला आईकडे ठेवलं. मीच हे घरात आणलं.”

चार दिवस तिनं बाळाला दूध पाजण्यापुरतंच जवळ घेतलं होतं.

सोयीचं वाक्य बाईंच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

“तुझं बाळ नाही गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या वर्गातली मुलगी होती. मावशींनी तिला मांडीवर घेतलं होतं. तिला ताप होता आणि मला ते ठाऊक होतं.”

“मग घरी का नाही पाठवलंत?”

बाईंनी खरं कारण सांगितलं. चार शब्दांत मावलं ते. उच्चारल्यावर तर आणखीच लहान झालं.

 लेकीनं फळांची पिशवी उचलून बाईंच्या मांडीवर ठेवली.

“ही परत न्या. पण आत्ता बसा इथं. डॉक्टर आले तर काय म्हणतात ते नीट ऐका.” ती उठली. “मी घरी जाऊन बाळाला घेते जरा.”

बाई बसून राहिल्या.