बूट उचल, माल्थे

अगं, ऐक तर आधी. आज मी जवळजवळ संपलेच होते. मी म्हणजे कोपनहेगनच्या रेल्वेरुळांलगत भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागांपैकी एक्केचाळीस नंबरची बाग बोलतेय. एक लाकडी खोपटं, एक झेंड्याची काठी, बाकी सगळी मी.

मला विबेकेबाईंनी लावलं, अकरा वर्षं झाली. एकदा लावली की दरवर्षी आपणहून परत येतात, अशीच फुलझाडं निवडली त्यांनी. हिवाळ्यात मी वरून पार वाळते, खाली मात्र टुणटुणीत असते. पण बाईंचे गुडघे गेले, त्यांनी मला सोडलं आणि आला माल्थे. चौथ्या मजल्यावर वाढलेला. माझ्या वाळक्या काड्या बघून म्हणाला, "सगळं मेलंय."

आज सकाळी स्वारी हिरवळीच्या वीस गुंडाळ्या घेऊन हजर. मला खणायचं आणि वर गवत अंथरायचं. खोदायचा काटा रोवलासुद्धा त्याने माझ्यात. तेवढ्यात त्याला एक पत्र पाठवायचं आठवलं. ईस्टर जवळ आला की इथे कागद नक्षीदार कातरून निनावी पत्र पाठवतात. आत स्नोड्रॉपचं, म्हणजे हिवाळा सरताना पहिलं उमलणारं, पांढरं फूल, आणि नावाच्या जागी अक्षरं असतील तेवढे नुसते ठिपके. पाठवणारा कोण ते ओळखता आलं नाही, तर पत्र मिळालेल्याने त्याला चॉकलेटचं अंडं द्यायचं.

कुंपणापलीकडे क्रेस्टनकाका कॉफी पीत बसले होते.

"काका, एखादा स्नोड्रॉप आहे का? दुकानातले संपले."

"कोणासाठी?"

"आहे एक."

"त्या एकीला नाव असेल ना?"

"काका, फूल आहे का ते सांगा."

"तू त्यांच्यावरच उभा आहेस."

माल्थेने बूट उचलला. खाली सात-आठ पांढरी फुलं, दोन चेंगरलेली.

"मेलं होतं ना सगळं?" काका म्हणाले.

"आणखी काय काय आहे खाली?"

"मला माहितीय, पण सांगणार नाही. मे महिन्यापर्यंत थांब."

"मेपर्यंत? गवत चार दिवसांत पिवळं पडेल."

"मग माझ्या खोपटामागे अंथर. मला चालेल."

"जेवून ठरवतो," म्हणत माल्थे आत गेला. काटा माझ्यातच रोवलेला.

आता माझी पिओनी, उन्हाळ्यात मोठाली फुलं देणारी, मातीच्या अगदी वरच्या थराखाली येऊन थांबली होती. रात्री गोठवणारी थंडी पडणार, हे मला कळत होतं. पण गप्प राहिले तर जेवणानंतर खेळ खलास. दुपारचं ऊन आलं आणि मी लावला जोर. माल्थे राय धान्याचा काळा पाव चावत बाहेर आला, तर समोर लालभडक कोंब, करंगळीच्या टोकाएवढा.

"काका, हे लाल काय आहे?"

काकांनी पेपर तोंडासमोर धरला.

माल्थे बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग काटा काढला, गुंडाळ्या ढकलगाडीवर टाकल्या आणि काकांकडे पोचवल्या. घरी निघताना पत्रासाठी एक स्नोड्रॉप खुडला, कोंबावर बादली पालथी घातली, वर दगड ठेवला.

तर मी आत्ता बादलीखाली आहे, आणि बाहेर चांगलंच गारठलंय. खरं सांग, तू माझ्या जागी असतीस तर एवढ्या थंडीत डोकं वर काढलं असतंस, की माल्थेच्या भरवशावर खालीच पडून राहिली असतीस?